ड्रायरची तार

दुकानदाराने वाफ ओढायचं ते छोटं यंत्र हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, बटण दाबलं, कानाशी नेऊन हलवलं आणि काउंटरवर ठेवून दिलं.

"कॉइल गेली, मावशी."

"मग दुसरी घाला."

"याची कॉइल सुटी मिळत नाही. हे मॉडेलच बंद झालंय. नवीन दाखवू?"

"एवढीशी तार तुटली म्हणून अख्खं यंत्र टाकून द्यायचं?"

"सगळे तसंच करतात," तो हसून म्हणाला.

माणूस सभ्य होता, पण नेमकं नको ते बोलून बसला. सगळे तसंच करतात म्हटलं की टोपमावशीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पोरीच्या जातीने नाटकवाल्यांत काम करू नये, हे याच वाक्याने सांगितलं गेलं होतं. तिशीच्या आत लग्न उरकून घ्यावं, हेही याच वाक्याने. दोन्ही वेळा तिने जे केलं तेच आत्ताही केलं. यंत्र उचललं, पिशवीत टाकलं आणि "बरं" म्हणून चालू लागली. तिचं "बरं" ओळखणारं कुणी तिथे असतं, तर त्याने दुकानदाराला सांगितलं असतं की या बाईला आता कुणीही अडवू शकणार नाही.

टोपमावशी हे नाव तिला नाटकवाल्यांनी दिलेलं. नाट्यगृहाच्या मागच्या बाजूला एका खोलीत बसून ती नटनट्यांचे टोप बनवायची. जाळीत आकड्याच्या सुईने एकेक केस ओवायचा, गाठ मारायची, पुढचा केस घ्यायचा. अशी उभी हयात गेली. हाताला सुई आणि ओठाला सिगारेट. खोलीत केसांचे ढीग आणि स्पिरिटच्या बाटल्या असल्याने सिगारेट ओढायला दर थोड्या वेळाने मागच्या दारात जावं लागे, आणि ती जाई. शेवटी छातीतून शिट्टी वाजायला लागली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो दिव्यासमोर धरला आणि तिच्याकडे नुसतं पाहिलं. त्या पाहण्यानेच तिने सिगारेट सोडली.

पण हात कुठे सोडतो? हात पाकिटाकडे जायचा, बोटं आपोआप जुळायची. मग कुणीतरी हे यंत्र सांगितलं. त्यात वाळलेला पाला घालायचा. तो जळत नाही, नुसता तापतो, आणि त्याची वाफ ओढायची. ती पुदिना आणि लव्हेंडरची फुलं घालायची. डॉक्टरीणबाईंनी नाक मुरडलं होतं. "हे निर्धोक आहे असं मी म्हणणार नाही. सिगारेटपासून लांब ठेवत असेल तर थोडे दिवस, थोडंच," एवढीच परवानगी मिळाली होती. तेवढ्यावर तिने हिवाळा काढला. आणि आता एक तार तुटली म्हणून ती पुन्हा मागच्या दारात जाऊन उभी राहणार होती की काय? मी सिगारेट कधी ओढायची ते यंत्राच्या कंपनीने ठरवायचं?

घरी आल्याआल्या तिने टोपाच्या सुईने यंत्र उघडलं. आत चिनीमातीची बोटाच्या पेराएवढी वाटी, वाटीत केसासारख्या तारेची स्प्रिंग, आणि स्प्रिंग एका जागी तुटलेली. बस, एवढंच. तिला हसू आलं. आयुष्यभर केस वळवले, तिला तार वळवता येणार नाही?

तार कुठून आणायची हाही प्रश्न नव्हता. टोप सुकवून सुकवून मेलेले हेअर ड्रायर तिच्या खोलीत पोत्याने पडले होते. त्यांच्या पोटात हीच तार असते, लांबच लांब वेटोळ्यांची. तिने दोन ड्रायर घरी आणले, फोडले, तार सोडवली, विणकामाच्या सुईवर गुंडाळून छान गुटगुटीत कॉइल केली आणि वाटीत बसवली. बटण दाबलं. तार लालभडक झाली आणि पुदिन्याचा कोळसा झाला. घरभर जळक्या गवताचा वास सुटला.

पुढची कॉइल कोमट सुद्धा झाली नाही. त्याच्या पुढची एकदम आखूड केली, आणि तिथेच घात झाला. तार लाल झालीच, पण यंत्राच्या पोटातली बॅटरीही तापली. हाताला चटका बसला तशी तिने यंत्र टाकलं. आतून फुस्स असा आवाज आला आणि यंत्राची कड फुगायला लागली. तिने चिमट्याने ते धरलं, धावत गॅलरीत गेली आणि पहिली कुंडी दिसली तिच्या मातीत खुपसलं. क्षणभर काही झालं नाही. मग मातीतून एक जाळ सुळकन वर आला आणि विझला.

कुंडी लिंबाच्या झाडाची होती. झाड बाळचं होतं.

बाळ म्हणजे तिचा धाकटा भाऊ. पन्नाशी उलटली, डोक्यावर टक्कल पडलं, तरी घरात तो बाळच. विम्याच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होता. आईवडील गेल्यावर राहतं घर दोघांच्या नावावर झालं, आणि ताई, बाळ आणि बाळची बायको असे तिघं त्यात राहत. बायको चणीने लहान, म्हणून ताईने तिला पहिल्या दिवशीच चिऊ म्हटलं आणि तेच नाव पडलं. ती शाळेत शास्त्र शिकवायची. नणंद-भावजयीत भांडण कधी झालं नव्हतं, आणि गप्पाही कधी झाल्या नव्हत्या.

संध्याकाळी बाळ आला, बूट काढायच्या आधी नेहमीसारखा गॅलरीत गेला आणि तिथूनच ओरडला, "माझ्या लिंबाला काय झालं?"

"माझ्या हातून जळालं," टोपमावशीने सांगून टाकलं. "बॅटरी पेटली. दुसरं झाड आणून देते."

"बॅटरी पेटली? घरात? ताई, तू या वयात..." तो अर्ध्या जळालेल्या झाडाची काळी पानं खुडायला लागला. "तुझ्या त्या चिलमीपायी एक दिवस आपण सगळे जळून मरू. माझ्या घरात हे चालणार नाही!"

"तुझ्या घरात?"

तो पाठ फिरवून बूट काढायला बसला. पण दुसऱ्या दिवशी ती कामावरून परतली तेव्हा तिचं टेबल चाटूनपुसून साफ होतं. ड्रायर नाहीत, तार नाही, पकड नाही, पुदिन्याची बरणीसुद्धा नाही.

"कुठे आहे सगळं?"

"टाकून दिलं," बाळ पेपरामागून म्हणाला. "तुझ्याच भल्यासाठी."

ती जिना उतरून खाली आली. इमारतीच्या मागे कचऱ्याचा मोठा लोखंडी डबा होता. तिने शेजारच्या दुकानातला एक खोका ओढत आणला, त्यावर चढली, पदर कमरेला खोचला आणि कमरेपर्यंत त्या डब्यात वाकली. संध्याकाळची वेळ, लोक कामावरून येत होते. खालच्या मजल्यावरच्या बायका खिडकीत आल्या. इमारतीचे चेअरमन फिरायला निघाले होते, तेही थांबले.

"काय हरवलंय का मावशी?"

तिने आपल्या सामानाची गोणी ओढून बाहेर काढली, झटकली. "हरवलं काही नाही. चोरीला गेलं होतं, सापडलं."

गोणी घेऊन ती घरात गेली नाही. चालत राहिली. रागाने कान तापले होते, आणि तशा तापल्या कानांनीच ती कोपऱ्यावरच्या दुकानात शिरली आणि पाकीट मागितलं. बाकावर बसून तिने सिगारेट पेटवली. पहिला झुरका किती ओळखीचा होता! दुसऱ्याला खोकला आला. तिसऱ्याला असा आला की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि शेजारी बसलेला माणूस उठून दूर गेला. तिने सिगारेट चपलेखाली चिरडली, आणि पाकीटही. स्वतःचा इतका राग तिला पूर्वी कधी आला नव्हता. बाळचा राग तर त्यापुढे काहीच नव्हता.

घरी आली तर चिऊ एकटीच स्वयंपाकघरात होती. टोपमावशीने गोणी सरळ जेवणाच्या टेबलावर ठेवली.

"ओढली एक," ती म्हणाली. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं.

चिऊने गॅस बंद केला. गोणीत हात घालून एक जळकी कॉइल काढली, चष्मा कपाळावर चढवून डोळ्यांजवळ नेली.

"किती फेरे होते हिला?"

"काय?"

"फेरे, ताई. आणि पेटली त्या वेळी जास्त होते की कमी?"

"कमी. म्हटलं आखूड तार तर बॅटरीला ओझंही कमी."

"उलट आहे," चिऊ म्हणाली. तिच्या आवाजात असं काही आलं होतं की टोपमावशी तिच्याकडे बघतच राहिली. "तार आखूड की विरोध कमी. विरोध कमी की वीज जास्त धावते. त्या एवढ्याशा बॅटरीला ती झेपली नाही. तुम्ही नशीबवान, हातात नाही फुटली. बॅटरी आता विसरायची. आणि ही तार ड्रायरची ना? म्हणजे नायक्रोम, तापण्यासाठीच बनवलेली. ती चालेल. पण नवी कॉइल आधी खिडकीत ठेवून कोरडीच तापवायची. तिच्यावरचं तेल, धूळ सगळं जळून जाऊ दे. तो धूर तुम्ही आत ओढायचा नाही."

"तुला हे येतं?"

"वर्षानुवर्षं फळ्यावर काढतेय. खरी तार तापवायला कोण देतं? प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप आहे, आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे." तिने कॉइल परत गोणीत टाकली. "आणि ताई, मला न विचारता ह्यांनी तुमचं सामान टाकलं. मी घरातच होते. मला विचारायचंही त्यांना सुचलं नाही."

त्या दिवसापासून दोघींचा अड्डा न्हाणीघरात जमला. टोपांच्या खोलीत हे करायचं नाही हे टोपमावशीने आधीच ठरवलं होतं; केस आणि स्पिरिट असलेल्या जागेत तापलेली तार नेण्याइतकी ती हट्टी नव्हती. न्हाणीघराला लाद्या होत्या, खिडकी होती, पाण्याने भरलेली बादली होती. वीज मात्र बाहेरच्या खोलीतून यायची. चिऊने कमी दाबाचा जुना अडॅप्टर शोधला, त्याला मध्ये फ्यूज बसवला, आणि लांब वायर दाराखालून आत घेतली. अडॅप्टर बाहेर कोरड्यात, बादली दूर कोपऱ्यात, हात पुसल्याशिवाय तारेला हात नाही, असा तिचा नियम. शिस्त अशी की टोपमावशीला आपण शाळेतच बसलोय असं वाटे.

वळणं टोपमावशीची. चिऊच्या बोटांत कॉइल वेडीवाकडी व्हायची, फेरे एकमेकांना चिकटायचे. टोपमावशी सुईवर तार अशी लपेटत जाई की दोन फेऱ्यांमध्ये केसभर जागा उरे, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सारखी. पण नुसत्या सुबक वळणाने भागेना. पाला तारेला टेकला की जळे. म्हणून पाला तारेपासून लांब ठेवला, काचेच्या नळीत, स्टीलच्या बारीक जाळीवर. तार खाली, हवा तापून वर. मग पाला जळेना, पण तापेही ना. जाळी थोडी खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. फ्यूज उडे. नळी तडके. दोघी लादीवर पाटावर बसून एकमेकींवर खेकसत.

"अहो ताई, एका वेळी एकच गोष्ट बदला! फेरेही बदलले आणि जाळीही, तर कशामुळे झालं ते कळणार कसं?"

"तू वही-बिही काढू नकोस हं. माझ्या लक्षात राहतं."

बाहेरून बाळ दार वाजवी. "मला आंघोळीला जायचंय!"

"थांब!"

"कचेरीला उशीर होतोय!"

"तोंड धुवा आणि जा," आतून त्याच्या बायकोचा आवाज येई, आणि बाळ टॉवेल खांद्यावर टाकून दाराबाहेर येरझारा घाली. बहिणीशी भांडायची त्याला सवय होती. बायको कधी उलटून बोलली नव्हती, त्यामुळे तिथे काय करायचं हे त्याला ठाऊकच नव्हतं.

वास मात्र लपेना. न्हाणीघराची खिडकी जिन्याच्या बाजूला उघडे. एका सुटीच्या सकाळी दाराची घंटी वाजली. चेअरमन, आणि त्यांच्या मागे समितीचे दोघं.

"जिन्यात वास येतो," चेअरमन टोपमावशीला ओलांडून थेट बाळला म्हणाले. "आम्ही काही लहान मुलं नाही. कशाचा ते कळतं आम्हाला. गांजाचा वास आहे तो."

"असं?" टोपमावशी म्हणाली. "मला बाई गांजाचा वास कसा असतो ते ठाऊक नाही. तुम्हाला बरा ओळखता येतो!"

मागच्या दोघांतला एक फिसकन हसला. तिने आत जाऊन बरणी आणली, झाकण काढलं आणि चेअरमनच्या नाकाखाली धरली. "घ्या. चांगला खोल घ्या."

त्यांनी वास घेतला आणि सपाटून शिंकले.

"पुदिना आहे," मागचा म्हणाला.

"पुदिना असेल तर इतकं चोरून, न्हाणीघरात बसून कशाला?" चेअरमन नाक पुसत म्हणाले.

"तिथे लाद्या आहेत, पाणी आहे आणि भाऊ नाही, म्हणून."

चेअरमननी तिचा नाद सोडला आणि पुन्हा बाळकडे वळले. "हे बघा, तुम्ही घरातले कर्ते. या वयाच्या बाईला हे शोभतं का? जरा आवर घाला बहिणीला."

बाळने पेपराची घडी केली. पुन्हा उलगडली. टोपमावशी थोडा वेळ त्याच्याकडे बघत होती. लहानपणी त्याला कुणी मारलं की हीच जाऊन त्या पोरांच्या झिंज्या उपटायची. आज त्याने नुसतं "ती माझी बहीण आहे" एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं.

"माझ्याबद्दल बोलायचं असेल तर माझ्याशी बोला," ती चेअरमनना म्हणाली. "दारावरच्या पाटीवर दोन नावं आहेत. वरचं माझं. खिडकीला पंखा लावते, वास जिन्यात येणार नाही. तेवढी तुमची तक्रार खरी आहे. बाकी मी काय ओढते, कुठे बसते, आणि मला काय शोभतं, ते मी बघेन." आणि तिने दार लावलं. आपटलं नाही. नीट लावलं.

त्यानंतर तिने बाळशी बोलणं टाकलं. पण दुसऱ्या दिवशी कचेरीतून येताना त्याच्या काखेत आग विझवायची लाल टाकी होती. हातोडी घेऊन त्याने न्हाणीघराच्या दाराशेजारी खिळा ठोकला, टाकी लटकवली आणि तिथेच भिंतीला टेकून उभा राहिला.

"मी रोज काय बघतो ठाऊक आहे?" तो म्हणाला. "जळक्या घरांचे फोटो. इस्त्री राहिली, वायर तापली, मोबाइल उशीखाली होता. लोक समोरच्या खुर्चीत बसून सांगतात, साहेब, क्षणात झालं. मग घरी येतो तर माझं लिंबू जळलेलं." त्याने चष्मा काढला. "तुला वाटतं मी तुझ्यावर हुकूम गाजवतोय. मला भीती वाटते, ताई."

टोपमावशीला गलबलून आलं, पण तेवढ्याने ती विरघळणारी नव्हती. "भीती वाटते तर तसं सांगायचं. माझं सामान गोणीत भरून कचऱ्यात टाकायचं नाही."

"आणि माझं झाड?"

"झाडाचं चुकलं माझं. ते मी त्याच दिवशी मानलं. तू अजून काही मानलेलं नाहीस."

त्याने चष्मा शर्टाला पुसून पुन्हा घातला. "गोणीचं चुकलं," अखेर म्हणाला. "आणि काल तोंड उघडायला हवं होतं."

"हवं होतं."

"पण माझ्या अटी आहेत. घरात एकटी असताना तार तापवायची नाही."

"कबूल."

"ही टाकी कशी चालवायची ते तुम्ही दोघींनी माझ्यासमोर करून दाखवायचं."

"कबूल."

"आणि महिन्याभरात नाही जमलं तर हा नाद सोडायचा."

"ते नाही," टोपमावशी म्हणाली. "ते कधीच नाही."

बाळने सवयीने बायकोकडे पाहिलं. चिऊ दारात उभी होती. तिनेही मान हलवली. नाही.

जमलं ते कुठल्याही खास दिवशी जमलं नाही. दुपार होती, चिऊ पेपर तपासायचे सोडून आली होती, आणि टोपमावशीने नेहमीपेक्षा लांब, सैल कॉइल वळली होती. तार लाल झालीच नाही. नुसती काळसर राहिली, पण तिच्यावर हात धरवेना. जाळीवरचा पुदिना हळूहळू रंग बदलत गेला. हिरव्याचा पिवळट झाला, पिवळटाचा चहाच्या भुकटीसारखा झाला, आणि तिथेच थांबला. काळा पडला नाही. टोपमावशीने नळीला ओठ लावले आणि सावकाश श्वास घेतला. गरम, गोडसर, किंचित कडू वाफ. छातीत शिट्टी वाजली नाही. खोकला आला नाही.

"काय?" चिऊने विचारलं.

टोपमावशीने नळी बाजूला ठेवली आणि एवढंच म्हणाली, "आली."

दोघी लादीवर बसून वेड्यासारख्या हसत सुटल्या. बाहेरून बाळने घाबरून दार वाजवलं, तशा आणखीच हसल्या.

ते यंत्र दिसायला काही धड नव्हतं. लाकडी ठोकळा, त्यात काचेची नळी, वायरचं शेपूट. खिशात मावायचं नाही, भिंतीपासून लांब जायचं नाही. कॉइलही काही जन्माची नव्हती. दोन-तीन आठवड्यांनी तुटायची. मग ती दुसरी वळायची. वाफ हळूहळू कमी करा, असं डॉक्टरीणबाई सांगत. "करीन, पण मी करीन तेव्हा," असं ती सांगे. सिगारेट मात्र त्या बाकावरच्या एकीनंतर तिने ओढली नाही.

ही गोष्ट नाट्यगृहात पोचायला वेळ लागला नाही. एका दुपारी रंगभूषा करणारा तिच्या खोलीत आला. पोट सुटलेला, कानावर कायम अर्धी सिगारेट खोचलेला माणूस. त्याने तसलंच एक मेलेलं यंत्र तिच्यासमोर ठेवलं.

"दुकानात म्हणाले फेकून दे. मला पण तुझ्यासारखं एक करून दे ना, मावशी."

"नाही."

"अगं, सांगशील ते देतो."

"काही द्यायचं नाही. मी करणार नाही. माझ्या फुफ्फुसांचं काय व्हायचं ते माझ्या माथ्यावर, तुझी मी माझ्या माथ्यावर घेणार नाही. आधी डॉक्टरकडे जा, ते काय म्हणतात ते कान देऊन ऐक. मग वाटलं तर शिकवते. तार तू वळायचीस."

"मी?" त्याने आपली रंगाने माखलेली जाडजूड बोटं समोर धरली. "या बोटांनी? माझ्या वयाचे लोक अशी नवी कामं शिकत नाहीत."

टोपमावशीने हातातला टोप लाकडी डोक्यावर चढवला. शेजारच्या स्टुलावरचे केस झटकून तिने जागा केली, विणकामाची सुई आणि तारेचा एक तुकडा त्याच्यापुढे सरकवला.

"कानावरची ती आधी बाहेर टाकून ये," ती म्हणाली, "आणि बस. इथे तार तापवायची नाही, नुसती वळायची. पहिल्या पाच-पन्नास बिघडतील, त्याचं काही नाही."